मनगट दुखून राहिलंय, लग्न दीड महिन्यावर आलंय, गिटार बंद करू का?

ताई, मी २६ वर्षांची, नागपूरला मनीषनगरमध्ये राहते, मिहानमधल्या एका ऑफिसात दिवसभर लॅपटॉपवर काम असतं. सात महिन्यांपासून गिटार शिकून राहिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात भावाचं लग्न आहे आणि संगीतच्या कार्यक्रमात मला चार गाणी वाजवायची आहेत, म्हणून मागच्या महिन्यात प्रॅक्टिस अर्ध्या तासावरून एकदम तीन तासांवर नेली, रात्री दहा ते एक. आता डावं मनगट दुखतं, अंगठ्याच्या बुडाशी जड वाटतं, आणि सकाळी उठली की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर असतात, हात झटकला की थोड्या वेळाने बरं वाटतं. एफ कॉर्ड, ज्यात तर्जनीने सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात, ती अजून नीट वाजत नाही. सर म्हणतात तुझे हात लहान आहेत, कमजोर आहेत, ताकद वाढव, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हणून ऑनलाइन स्प्रिंगवालं हॅण्ड ग्रिपर पण मागवलं. तर्जनीच्या बाजूला ओरखडे येऊन राहिलेत ते वेगळंच. आई म्हणते बंद कर ते सगळं. काय करू?
– बधिर बोटं, मनीषनगर

अगं, आधी ते ग्रिपर उचलून कपाटात टाक आणि मग पुढचं वाच.

काहून ते सांगते. बोटं मिटायला लावणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. उजव्या हाताने डाव्या हाताचा तो मांसल भाग धर आणि डावी बोटं हळूहळू हलव, आत वळवळ जाणवेल बघ. तिथून दोरीसारख्या टेंडन निघतात, मराठीत कंडरा, त्या मनगटातून जाऊन बोटांना ओढतात. आणि मनगटात आहे एक छोटासा बोगदा, खाली हाडं, वर जाड पट्टा, एवढ्याशा जागेतून अशा नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच सोबत दाटीवाटीने एक नस जाते. ती नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्याच भागाला जाणीव देते. तू लिहिलेली तीन बोटं नेमकी तीच आहेत ना. करंगळीचं तू काहीच लिहिलं नाहीस, कारण करंगळीची नस वेगळी, ती कोपराच्या आतल्या बाजूने फिरून येते. म्हणजे मला दिसतंय ते असं की त्या बोगद्यात गर्दी झाली आहे, कंडरा दमून थोड्या सुजल्या असतील आणि नस दबून राहिली आहे, डॉक्टर लोक याला कार्पल टनेल म्हणतात. रात्री झोपेत मनगट दुमडलं जातं, दाब अजून वाढतो, म्हणून सकाळी बधिर. आता ग्रिपर दाबलं की त्याच कंडरा, त्याच बोगद्यात, परत तेच काम. दिवसभर हमाली केलेल्या माणसाला संध्याकाळी ताकद यावी म्हणून अजून दोन पोती उचलायला लावण्यासारखं आहे ते.

मी डॉक्टर नाही, गिटार शिकवते, वीस वर्षांच्या वर झाली, आणि तुझा हात मी पाहिलेला नाही. त्यामुळे या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरला दाखव. रोज सकाळी बधिर होत असेल तर वाट बघायची नाही. तुझं ऑफिस मिहानमध्येच आहे आणि एम्सची ओपीडी तिथेच आहे, नाहीतर मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, घराजवळचे चांगले ऑर्थो असतील. डॉक्टर हात वाकवून बघतील, कदाचित नसेची एक टेस्ट करायला सांगतील, आणि शुगर, थायरॉइड, बी-१२ पण तपासायला सांगितलं तर वैतागू नकोस, कारण शुगर आणि थायरॉइडच्या त्रासात ही नस लवकर दबते आणि बी-१२ कमी असलं तरी मुंग्या येतात, आपल्या शाकाहारी घरांमध्ये ते बऱ्याचदा कमी निघतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बहुतेक देतील, तो लावायचा कंटाळा करू नकोस. आणि हातातून कप सुटायला लागला, शर्टाचं बटण लावता येईना, किंवा अंगठ्याखालचा फुगीर भाग दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसायला लागला तर त्याच दिवशी जायचं. मालिशवाल्याकडे नस बसवायला तर अजिबात जाऊ नकोस, कोणी कितीही खात्रीने पाठवलं तरी. आणि गोळी खाऊन प्रॅक्टिसला बसू नकोस, गोळीने दुखणं कळत नाही पण घासणं चालूच राहतं.

आता सरांच्या टाकीच्या घावांबद्दल. टाकी दगडावर चालवतात गं, मनगटावर नाही. पण सर पूर्ण चुकीचे पण नाहीत, कारण गिटारमध्ये एक दुखणं खरंच सोसायचं असतं आणि ते म्हणजे बोटाच्या टोकाची चामडी. सुरुवातीचे काही आठवडे ती चुरचुरते, लाल होते, मग घट्टे पडतात आणि त्रास संपतो. सतार वाजवणाऱ्यांच्या बोटांवर तारेची काळी रेघ पडलेली असते, ते जवळ वाटीत तेलाचा कापूस ठेवतात, बोट फिरवतात आणि पुढे वाजवतात. ते दुखणं वरचं आहे, कातडीचं आहे, ते ठीक. एवढंच पाळ की भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसू नको, चामडी तेव्हा मऊ असते, फोड येतो, आणि घट्टे कुरतडू नको. पण कातडीच्या आतलं कोणतंही दुखणं, मनगट, अंगठ्याचं बूड, कोपर, खांदा, बोटाचा सांधा, मुंग्या, बधिरपणा, जळजळ, यातलं काहीही आलं की वाजवणं त्या क्षणाला थांबवायचं. कॉर्ड अर्धी असली तरी, गाणं संपायला एक ओळ उरली असली तरी. माझ्या क्लासमधल्या पोट्ट्यांना मी पहिल्याच दिवशी हे सांगते आणि तरी दरवर्षी एखादा लपवतोच, त्याला वाटतं ताई ओरडतील. मी ओरडत नाही, मला भीती वाटते.

भीती वाटायचं कारण सांगते. माझी मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा तिला दिवसातून पन्नासदा काखेत हात घालून उचलायचं चालू होतं आणि तेव्हाच एका कार्यक्रमाची तयारी पण घेतली होती. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखायला लागलं, मी म्हटलं होईल बरं, पट्टी बांधून वाजवत राहिले, तीन आठवडे. कार्यक्रम झाला, टाळ्या पण पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला पाण्याचा ग्लास उचलता येईना. नंतर कळलं की अंगठ्याच्या कंडरांच्या वेष्टणाला सूज येते, तिला डी क्वेर्व्हेन म्हणतात, १८९५ मध्ये फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनने त्याबद्दल लिहिलं म्हणून ते नाव, आणि नव्या आयांना तर हे खूपदा होतं, लेकराला उचलून उचलून. अंगठ्याचा पट्टा, औषध, फिजिओ. साडेतीन महिने गिटार भिंतीला टांगलेली होती. मुलगी मोठी झाली पण थंडीत सकाळी ती जागा अजून आठवण देते. पहिल्या आठवड्यात थांबले असते तर कदाचित पंधरा दिवसात मोकळी झाले असते. म्हणून तुला इतक्या जोराने सांगून राहिली.

आता मुख्य गोष्ट, आणि ही तुझ्या सरांनाही पटेल असं मला वाटतं. तुला ताकद कमी पडत नाही आहे. तू जास्त लावून राहिली आहेस. सात महिन्यांनी एफ न लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत मी हेच पाहिलं आहे, मुलगा असो की मुलगी, हात केवढा का असेना.

घरी करून बघ, बरी झाल्यावर, आत्ता नाही. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात, कोणत्याही तारेवर एक बोट नुसतं टेकव, दाबू नको, तार वाजव, ठप्प असा आवाज येईल. आता उजव्या हाताने वाजवत राहा आणि डाव्या बोटाचा जोर अगदी थेंबाथेंबाने वाढव. एका जागी आवाज स्वच्छ होतो. तिथे थांब. बस, एवढाच जोर लागतो, याच्यावर जे काही लावते ते सगळं तुझ्या मनगटाच्या खात्यात जातं. मग बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीपासून मागे नेऊन तेच कर आणि नंतर पट्टीला अगदी लागून कर, लागून असताना अर्ध्या जोरात काम होतं. माझ्याकडे येणारे निम्मे विद्यार्थी दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबतात आणि मग म्हणतात तार कडक आहे.

दुसरं, अंगठा. अंगठा मागून चिमट्यासारखा दाबायचा नसतो. सोपी कॉर्ड धर, ई मायनर वगैरे, आणि अंगठा मानेवरून पूर्ण उचलून घे. तरी कॉर्ड वाजली पाहिजे, कारण हाताचं वजन कोपराकडून मागे ओढलं जातं आणि गिटार पोटाला टेकलेली असते, उजव्या हाताने तिला धरलेलं असतं. अंगठा काढल्यावर कॉर्ड मेली तर समज की सगळा जोर चिमट्यातून येत होता. तुझं अंगठ्याचं बूड जड होतं ते यानेच असावं. हा प्रयोग रोज दोन मिनिटं, एवढाच, पण रोज.

आणि मनगट. सायकलच्या ब्रेकची तार असते ना, कव्हरच्या आत, ती सरळ असली की ब्रेक लोण्यासारखा लागतो, कव्हर कुठे मोडलं की तीच तार घासते आणि दाबायला दुप्पट जोर लागतो. कंडरांचं तसंच आहे. मनगट पुढे मोडून वाजवलं की त्या घासतात आणि बोगद्यातला दाब वाढतो. एफसाठी मनगट थोडं वाकणारच, पण नव्वद अंशात मोडलेलं दिसत असेल तर बसणंच चुकलेलं आहे. तू कुठे बसून वाजवते लिहिलं नाहीस, पण रात्री दहा ते एक म्हणजे बहुतेक पलंगावर नाहीतर दिवाणावर मांडी घालून, बरोबर ना? तिथून उठ. बिनहाताची खुर्ची घे, डायनिंग टेबलची चालते, पाय जमिनीवर टेकलेले, आणि बसूनही पट्टा गळ्यात घाल, कारण पट्टा असला की डाव्या हाताला गिटारचं वजन तोलावं लागत नाही. गिटारचं डोकं खांद्याच्या उंचीपर्यंत वर जाऊ दे, आडवी धरू नको, डोकं वर गेलं की मनगट आपोआप सरळ होतं. आणि बोटं कुठे पडली ते बघायला गिटार स्वतःकडे झुकवायची सवय सोड, तेवढ्यानेच मनगट मोडतं. मोबाइल समोर ठेवून पाच मिनिटांचा व्हिडिओ काढ, स्वतःचं मनगट बघून तुलाच कळेल, मी वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

आता गिटारकडे येऊ, कारण माझा खरा संशय तिच्यावर आहे. नव्या, स्वस्तातल्या ॲकॉस्टिक गिटार दुकानातून बऱ्याचदा उंच तारांच्या येतात, सेटअप केलेलाच नसतो. शाळेच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घे, बाराव्या फ्रेटच्या धातूवर उभी ठेव आणि तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोज. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असेल तर ती मोजणीत धर. सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सगळ्यात बारीक तार दोनच्या आसपास असली तर ठीक, साडेतीन चार असेल तर तू सात महिने विनाकारण भोगून राहिली आहेस. मग दुसरं बघ, तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यात किती फट उरते ते बघ. कागद जाईल एवढी असायला हवी, पण लांबूनच स्पष्ट दिसत असेल तर वरचं नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी, उंच आहे, आणि नट उंच असलं की सगळ्यात जास्त छळ कुठे होतो माहित आहे, पहिल्या फ्रेटवर. एफ तिथेच असतो! म्हणजे सात महिने ज्याला तू आपल्या हाताची कमजोरी समजून राहिली ते कदाचित प्लास्टिकच्या एका पट्टीच्या अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट आहे. हे स्वतः घासायला जाऊ नको, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे ने आणि सांग की ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली करून द्या, नट बघा, मान बघा. ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे पोटाकडच्या बाजूला तारा टेकतात ती पट्टी, एक मिलिमीटर घासलं की बाराव्या फ्रेटला तार अर्धा मिलिमीटर उतरते, त्यामुळे एकदम खूप घासू नका हे पण सांग.

तारा पण बदल. १२ नंबरचा सेट असेल (नंबर म्हणजे तारेची जाडी, जितका लहान तितकी तार बारीक) तर सहा तारा मिळून ७० किलोच्या वर ताण असतो, १० नंबरचा लावला तर ६० च्या आसपास येतो, नायलॉनच्या गिटारला ४० च्या आसपास. आणि फुकटचा उपाय, आज संध्याकाळीच करता येईल असा, सगळ्या तारा अर्धा सूर खाली ट्यून कर, त्याने ताण जवळजवळ ११ टक्के कमी होतो, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लाव म्हणजे सूर परत जागेवर आला, वरून नटच्या उंचीचा प्रश्न पण गेला. आवाज थोडा बारीक होईल, होऊ दे.

हलक्या तारा लावणं म्हणजे कमीपणा असं सांगणारे भेटतील, त्यांना ब्लॅक सॅबथ या बँडच्या गिटारवादकाचं, टोनी आयोमीचं उदाहरण दे. १९६५ मध्ये, १७ वर्षांचा असताना, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी पत्रा कापायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं, बारीकातल्या बारीक तारा शोधल्या, पुढे गिटार खाली ट्यून केली. त्यातून ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज तयार झाला, ज्याला जग हेवी मेटल म्हणतं. तारा सैल करून. तुला तर फक्त भावाच्या संगीतमध्ये वाजवायचं आहे.

ओरखड्यांचं कारण मला तुझं गाव वाचूनच कळलं. आपला एप्रिल-मे म्हणजे पारा ४३-४४ वर आणि हवा कोरडी ठक्क. लाकूड आटतं, फ्रेटचा धातू आटत नाही, मग धातूची टोकं मानेच्या कडेबाहेर येतात आणि तर्जनीला घासतात. दरवर्षी मे महिन्यात माझ्या क्लासमध्ये दोन-तीन गिटारींचं हे होतंच. दुरुस्तीवाला बारीक कानशीने ती टोकं मऊ करून देतो, सेटअपच्या वेळीच करून घे. आणि गिटार भिंतीला उघडी टांगू नको, बॅगेत ठेव, साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला पिळलेला स्पंजचा तुकडा टाकून तो सोबत ठेव, पाणी टपकायला नको एवढं बघ. कूलरसमोर तर ठेवूच नको, रात्री कूलरची ओल आणि दिवसा भट्टी, लाकडाला हा झोका सोसत नाही. तूही कूलरच्या थेट झोतात बसून वाजवू नको, गार पडलेल्या हाताने एकदम जोरात सुरुवात केली की त्रास होतो, थंडीत तर आधी कोमट पाण्यात हात दोन-तीन मिनिटं धरून, कोरडे करून मग बसायचं. पावसाळ्यात उलटं होईल, लाकूड फुगेल आणि तारा परत उंच वाटतील, तेव्हा पुन्हा मोजून घे.

आता तुझा दिवस मी जरा मोजला. आठ-नऊ तास लॅपटॉप, मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेलं. जाता-येता मोपेड असेल तर वर्धा रोडच्या ट्राफिकमध्ये डाव्या हाताची बोटं सतत ब्रेकवर. झोपताना मोबाइल, बहुतेक डाव्याच हातात. वरून तीन तास गिटार. हाताला हे वेगवेगळं कळत नाही गं, त्याच्यासाठी ही एकच बारा-तेरा तासांची ड्युटी आहे. आणि सगळ्यात मोठी चूक तीन तासांची पण नाही, एकदम अर्ध्यावरून तीनवर जायची आहे. वाजवणाऱ्यांचे हात बहुतेक अशाच वेळी जातात, परीक्षा, कार्यक्रम, लग्न, काहीतरी जवळ येतं आणि तास अचानक वाढतात. म्हणून काही दिवस ब्रेकवरची पकड सैल सोड, नाहीतर चार-आठ दिवस मेट्रोने जा, ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जातेच. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड घे, कोपर टेकलेले, मनगट सरळ.

तर दीड महिन्याचं असं कर, डॉक्टरने वेगळं सांगितलं नाही तर. पहिले दहा दिवस डाव्या हाताने तार दाबायचीच नाही. पण गिटार बंद नाही! ब्रिजजवळ तारांखाली रुमाल दुमडून घाल म्हणजे आवाज ठप्प होईल, आणि उजव्या हाताने चारही गाण्यांचा स्ट्रमिंग पॅटर्न पक्का कर, सोबत कॉर्डची नावं मोठ्याने म्हण, गाणं लावून टाळीने ठेका धर, डोळे मिटून कोणत्या शब्दावर कॉर्ड बदलते ते पाठ कर. मंडपात लोकांची चूक होते ती बऱ्याचदा इथेच, बोटं नाही अडत, पुढे काय आहे तेच आठवत नाही. दहा दिवसांनी सकाळचा बधिरपणा गेला असेल तरच डावा हात सुरू कर, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, सकाळी एकदा, ऑफिसातून आल्यावर एकदा, जेवणाआधी एकदा. रात्री एकपर्यंत नाही, दमलेला हात चुकीचा जोर लावतो आणि तोच शिकतो. पहिली तीन-चार मिनिटं अगदी हळू, सोप्या कॉर्ड, मग अवघड. बोटं ताणायचे व्यायाम पहिल्या फ्रेटवर करायचे नाहीत, सातव्यावर करायचे, तिथे फ्रेट जवळजवळ असतात, मग हळूहळू खाली सरकायचं. दर आठवड्याला प्रत्येक वेळेत पाच मिनिटं वाढव, आणि वीस मिनिटांच्या वर सलग नाहीच. लग्नापर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त लागणार पण नाही तुला. मधेच मुंग्या परत आल्या तर दोन दिवस सुट्टी आणि मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत.

लहान हातांबद्दल वाईट वाटून घेऊ नको. आपल्या बाजारात मोठ्या पोटाची जी ड्रेडनॉट गिटार सर्रास मिळते ती तुझ्यासारख्या बांध्याच्या मुलीला खांद्यातच त्रास देते, उजवा हात तिच्या कडेवरून लोंबतो, खांदा वर जातो, आणि खांदा ताठ झाला की डावा हात पण ताठ होतो. पुढे कधी बदलशील तेव्हा छोट्या पोटाची बघ, मांडीवर घेऊन बघ, आवाज नंतर ऐक.

सरांशी भांडू नको. त्यांना सरळ सांग की बोटं बधिर होऊन राहिलीत, डॉक्टरकडे जाते आहे, दहा दिवस डावा हात बंद आहे, तेवढ्या दिवसांत उजव्या हाताचं शिकवा. चांगला शिक्षक हे ऐकून घाबरेल आणि ऐकेल. नाही ऐकलं आणि तरी दाबायला लावलं, तर दीड महिना सुट्टी घे त्यांच्याकडून, मनात काही न ठेवता. आणि आईला म्हण की त्यांची काळजी बरोबर आहे, फक्त बंद करायची गरज नाही आहे, वेळ कापली आहे.

राहिला तो एफ. तू गाण्यांची नावं लिहिली नाहीस पण मला जवळपास खात्री आहे की त्यातल्या दोन-तीन गाण्यांत सी, ए मायनर, एफ, जी हेच चक्र असेल, संगीतच्या गाण्यांत असतंच. पाचव्या फ्रेटवर कॅपो लाव आणि जी, ई मायनर, सी, डी वाजव. सूर तेच निघतात, कॅपोमुळे तारा बोटाखाली जवळ येतात, फ्रेटही आखूड होतात, आणि एफ कुठेच येत नाही. एखाद्या गाण्यात तरी अडलाच तर पूर्ण बार नको, बारीक चार तारांचाच छोटा एफ धर, तोही जड गेला तर सगळ्यात बारीक तार मोकळी सोड. जूनमध्ये वाजवून झालं की लिही मला, आणि त्याआधी डॉक्टर काय म्हणाले ते नक्की लिही.